मॅनिटू इन्क्लाईन : रूळ गेले, स्लीपर राहिले आणि रेल्वेचा झाला जिना

एखादी रेल्वे बंद पडली की तिचं काय होतं? रूळ गंजतात, भंगारात जातात, स्टेशनात गवत वाढतं आणि दहा-वीस वर्षांनी तिथे गाडी धावायची हेसुद्धा लोक विसरतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका रेल्वेच्या बाबतीत मात्र उलटं झालं. गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले, पण डोंगराच्या अंगावर रुळांखालचे लाकडी स्लीपर तसेच राहिले. लोकांनी त्या स्लीपरवर पाय ठेवून वर चढायला सुरुवात केली. आज हा अमेरिकेतला सर्वात प्रसिद्ध डोंगरी जिना आहे. पायऱ्या २,७६८. लांबी दीड किलोमीटरपेक्षाही कमी. आणि चढ सुमारे ६१० मीटर, म्हणजे अंदाजे दोनशे मजल्यांची इमारत!

याचं नाव मॅनिटू इन्क्लाईन. सोशल मीडियावर डोंगर उभा चिरत गेलेली एक सरळ रेघ आणि तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं, असा फोटो तुम्ही पाहिला असेल तर तो बहुधा इथलाच.

पण फोटोत एक गोष्ट दिसत नाही. या जिन्यावर लोक वीस वर्षांहून जास्त काळ कायदा मोडून चढत होते. तो कायदेशीर करायला थेट अमेरिकेच्या संसदेपर्यंत जावं लागलं. हे सगळं कसं झालं, ते पाहू.

हे ठिकाण नेमकं आहे कुठे?

कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पूर्व कडेला कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अगदी कुशीत, मॅनिटू स्प्रिंग्ज हे छोटंसं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास. गावावर पाईक्स पीक या ४,३०२ मीटर उंच शिखराची सावली.

गावाच्या नावातला 'स्प्रिंग्ज' म्हणजे झरे. इथे खनिजयुक्त पाण्याचे नैसर्गिक झरे आहेत. युट या मूळनिवासी लोकांसाठी ते पवित्र होते. पुढे १८७२ मध्ये जनरल विल्यम पामर आणि डॉ. विल्यम बेल यांनी इथे हवापालटाचं गाव वसवलं. झऱ्याचं पाणी प्यायचं, डोंगराची हवा खायची आणि तब्येत सुधारायची, यासाठी दूरदूरच्या शहरांतून लोक येऊ लागले.

पर्यटक आले म्हणजे त्यांना डोंगरावर नेणारी साधनंही आली. १८९१ मध्ये पाईक्स पीकच्या माथ्यापर्यंत जाणारी दातेरी रुळांची रेल्वे, म्हणजे कॉग रेल्वे, सुरू झाली. मॅनिटू इन्क्लाईनचा पायथा या कॉग रेल्वेच्या स्टेशनाच्या अगदी शेजारी आहे. ही शेजारीण या गोष्टीत पुन्हा येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

मुळात ही रेल्वे बांधली कशासाठी?

पर्यटकांसाठी नाही. पाण्यासाठी!

डोंगरावर उंच जागी पाणी साठवलं की ते स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्या दाबावर शहराला पाणीपुरवठा होतो आणि वीजही तयार करता येते. पण त्यासाठी टाक्या आणि पाईपलाईनचं सामान वर न्यायला हवं. जड लोखंडी पाईप खेचरांच्या पाठीवर घालून इतका उभा चढ चढणं अवघड. म्हणून १९०७ मध्ये डोंगराच्या अंगावरून सरळ रेषेत एक केबल रेल्वे बांधली गेली.

काम संपलं. आता या रेल्वेचं करायचं काय? डॉ. न्यूटन ब्रमबॅक यांना त्यात पर्यटनाचा धंदा दिसला. सामान नेणाऱ्या गाडीच्या जागी माणसं बसवणारे डबे आले आणि इन्क्लाईन पर्यटकांची गाडी झाली.

१९२० च्या दशकात ती स्पेन्सर पेनरोझ या उद्योगपतीच्या ताब्यात गेली. खाणीत पैसा कमावलेला हा माणूस या भागातल्या पर्यटनाचा बादशहाच होता. प्रसिद्ध ब्रॉडमूर हॉटेल त्याचं, पाईक्स पीकवर जाणारा मोटार रस्ता त्याने बांधलेला आणि पुढे शेजारची कॉग रेल्वेही त्याच्याकडे आली.

या गाडीमुळे आणखी एक गोष्ट घडली. इन्क्लाईनच्या वरच्या टोकाला फ्रेड बार नावाचा माणूस पर्यटकांना गाढवावरून डोंगर फिरवण्याचा व्यवसाय करायचा. १९२० च्या आसपास त्याने तिथून पाईक्स पीकपर्यंत जाणारी पायवाट तयार केली. तीच आजची बार ट्रेल. तेव्हा ती वर जाणाऱ्यांसाठी होती. आज इन्क्लाईन चढलेले लोक तिच्यावरून खाली उतरतात!

केबल रेल्वे चालते कशी?

साधी रेल्वे फार उभा चढ चढू शकत नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी असतं, त्यामुळे चढ वाढला की चाक जागेवरच गरगर फिरतं. मुंबई-पुणे मार्गावरचा भोर घाट आठवा. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

मॅनिटू इन्क्लाईनच्या सर्वात उभ्या भागात चढ ६८ टक्के आहे. म्हणजे ३ फूट पुढे गेलं की २ फूट वर! इथे चाकाच्या जोरावर चढणं अशक्य. मग गाडीला दोराने ओढायचं.

अशा रेल्वेला फ्युनिक्युलर म्हणतात. युक्ती सोपी आहे. एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधायचे. दोर डोंगरावरच्या मोठ्या चाकावरून फिरवायचा. एक डबा खाली येतो तेव्हा त्याचं वजन दुसऱ्या डब्याला वर खेचतं. अगदी विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंना दोन बादल्या बांधल्यासारखं. यंत्राला फक्त दोन्ही डब्यांच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढ्यासाठीच ताकद लावावी लागते.

महाराष्ट्रात याचं ओळखीचं उदाहरण म्हणजे वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र साध्या रेल्वेसारखीच असते. रुळांखाली आडवे स्लीपर लागतात. उभ्या उतारावर ते घसरू नयेत म्हणून जमिनीत घट्ट बसवावे लागतात. मॅनिटूचे स्लीपर असेच पक्के बसवलेले होते, म्हणून रूळ गेल्यावरही ते तिथेच राहिले.

गाडी बंद का पडली?

ऐंशी वर्षांहून जास्त काळ इन्क्लाईन धावली. मग १९९० मध्ये डोंगरावर दरड कोसळली आणि रुळांचं नुकसान झालं.

दुरुस्ती करता आली असती. पण ती परवडली पाहिजे ना! तोपर्यंत काळ बदलला होता. वर जायला मोटार रस्ता होता आणि शेजारची कॉग रेल्वे पर्यटकांना थेट पाईक्स पीकच्या माथ्यावर नेत होती. मालकांनी हिशेब केला आणि दुरुस्ती न करण्याचा निर्णय घेतला. रूळ काढून नेले. वरचं स्टेशन गेलं, त्याच्या पायाचे अवशेष तेवढे उरले.

आणि डोंगरावर राहिली स्लीपरची लांबच लांब शिडी.

'प्रवेश निषिद्ध' आणि तरीही रांग

सुरुवात स्थानिक धावपटूंनी केली. ज्यांना दम लागेपर्यंत सराव करायचा होता त्यांना यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

त्यातून कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे साधं शहर नाही. अमेरिकेच्या ऑलिम्पिक खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. फोर्ट कार्सन हा लष्करी तळ आणि हवाई दलाची अकादमीही तिथेच आहे. खेळाडू येऊ लागले, जवान येऊ लागले, त्यांचं बघून सामान्य लोक येऊ लागले. तोंडोतोंडी नाव पसरलं. नंतर इंटरनेट आलं आणि उरलेलं काम त्याने केलं.

अडचण एकच होती. हे सगळं बेकायदेशीर होतं.

जमीन खासगी आणि सरकारी मालकीची होती. 'प्रवेश निषिद्ध' अशा पाट्या लावलेल्या होत्या. लोक त्या पाट्यांच्या शेजारूनच वर चढत होते. एखादा-दुसरा नव्हे, वर्षाला लाखांच्या घरात! इतक्या लोकांना अडवणार कोण? आणि अडवायचं नसेल तर पायऱ्यांची देखभाल करणार कोण?

खरा प्रश्न इथेच होता. वाट बेकायदेशीर असल्यामुळे तिची अधिकृत दुरुस्ती होत नव्हती. दुरुस्ती होत नसल्यामुळे स्लीपर कुजत होते, माती वाहून जात होती, स्लीपर पक्के धरण्यासाठी ठोकलेल्या लोखंडाची टोकं उघडी पडत होती. आणि वाट अशी धोकादायक झाल्यामुळे ती अधिकृत करायला कोणी पुढे येत नव्हतं. उद्या कोणी पडला तर जबाबदारी कोणाची?

मालकही एक नव्हता, तीन होते. काही भाग कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या पाणी-वीज विभागाचा, काही कॉग रेल्वेचा आणि काही अमेरिकेच्या वनखात्याचा. तिघांपैकी एकाने 'हो' म्हणून उपयोग नव्हता. एका रेघेतल्या जिन्याचा मधला तुकडा बंद राहिला तर उरलेला काय कामाचा?

संसदेत पोहोचलेला जिना

यात आणखी एक गाठ होती, आणि ती थेट एकोणिसाव्या शतकातली.

१८७५ मध्ये अमेरिकेने रेल्वे कंपन्यांसाठी एक कायदा केला होता. सरकारी जमिनीतून रेल्वेमार्ग टाकायचा असेल तर कंपनीला त्या पट्ट्यावर हक्क मिळायचा. इन्क्लाईन रेल्वेला वनखात्याच्या हद्दीत जागा मिळाली होती ती याच कायद्याने. आता रेल्वे उरली नव्हती, पण कागदावर तो पट्टा अजूनही रेल्वेचाच होता. रेल्वेसाठी दिलेली जागा जिन्यासाठी कशी वापरायची?

ही गाठ सोडवायला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, स्वतंत्र विधेयक आणावं लागलं. कंपनीने हा जुना हक्क सोडावा आणि सरकारने तो परत घ्यावा, इतकाच त्याचा विषय. विधेयक मंजूर झालं. त्याआधी स्थानिक पातळीवर तिन्ही मालक, दोन्ही गावांचं प्रशासन आणि 'इन्क्लाईन फ्रेंड्स' या स्वयंसेवी संस्थेतले लोक यांच्यात वाट खुली करण्याचा आराखडा ठरत आला होता. देखभालीची जबाबदारी कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या उद्यान विभागाने घेतली.

अखेर १ फेब्रुवारी २०१३ रोजी मॅनिटू इन्क्लाईन अधिकृतपणे खुली झाली. जे लोक वर्षानुवर्षं चढत होते ते त्या दिवशीही चढले. फरक इतकाच की आता ते गुन्हा करत नव्हते.

मग दुरुस्ती कशी झाली?

वाट कायदेशीर झाल्यावर पहिली मोठी गोष्ट झाली ती म्हणजे ती बंद करण्यात आली! कारण आता दुरुस्ती करता येत होती.

ऑगस्ट २०१४ मध्ये काम सुरू झालं आणि डिसेंबरमध्ये जिना पुन्हा उघडला. पुढची कामं २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने होत राहिली. तिथे रस्ता नाही, त्यामुळे सामान हेलिकॉप्टरने वर न्यावं लागलं. ज्या रेल्वेचा जन्म डोंगरावर सामान नेण्यासाठी झाला, तिच्याच जागेवर सामान नेण्यासाठी हेलिकॉप्टर लागलं, हा योगायोग गमतीचा आहे.

कुजलेले स्लीपर बदलले, सैल झालेले पुन्हा पक्के केले. माती धरून ठेवण्यासाठी आधारभिंती बांधल्या. पावसाचं पाणी थेट पायऱ्यांवरून धावू नये म्हणून त्याला बाजूला वाट काढून दिली.

हे शेवटचं काम सर्वात महत्त्वाचं. डोंगरावर झाडं कापून काढलेली सरळ उभी रेघ म्हणजे पाण्याला आयताच ओढा. कडेने नागमोडी जाणारी पायवाट पाण्याचा वेग तोडते, सरळ रेघ तो वाढवते. स्लीपरखालची माती याच कारणाने वाहून जात होती.

या दुरुस्तीत पायऱ्यांची संख्याही बदलली. जुन्या लेखांमध्ये २,७४४ हा आकडा सापडतो, नव्यांमध्ये २,७६८. त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. २,७६८ हा दुरुस्तीनंतरचा.

चढायला खरंच इतकं अवघड आहे का?

दीड किलोमीटरसुद्धा नाही, त्यात काय एवढं? असं वाटणं साहजिक आहे. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट पायरीची. घरातल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर उंच असते. इथे एकूण चढाला पायऱ्यांच्या संख्येने भागलं तर सरासरी २२ सेंटिमीटर येते. तीही फक्त सरासरी. हा जिना माणसाच्या पावलासाठी बांधलेलाच नाही, गाडीच्या रुळांसाठी बांधलेला आहे. त्यामुळे काही पायऱ्या घोट्याएवढ्या तर काही जवळपास गुडघ्याएवढ्या उंच आहेत. पावलांची लय लागत नाही आणि दम लवकर जातो.

दुसरी गोष्ट हवेची. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. मॅनिटू इन्क्लाईनचा पायथाच सुमारे २,००० मीटरवर आहे! म्हणजे पहिली पायरी चढण्याआधीच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच असता. वरच्या टोकाची उंची सुमारे २,६०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. दर श्वासागणिक शरीराला कमी प्राणवायू मिळतो. विमानाने थेट येऊन दुसऱ्या दिवशी चढायला जाणाऱ्यांना हाच फटका बसतो. शरीराला उंचीची सवय व्हायला काही दिवस द्यावे लागतात.

तिसरी गोष्ट मनाची. खालून पाहिलं की वर एक टोक दिसतं. तेच शिखर समजून लोक जीव खाऊन चढतात. तिथे पोहोचल्यावर कळतं की ते शिखर नाही, तिथे चढाचा कोन बदलतो एवढंच. अजून जवळपास ३०० पायऱ्या बाकी असतात. या जागेला 'फॉल्स समिट', म्हणजे खोटं शिखर, असंच नाव पडलं आहे.

सवय नसलेल्या माणसाला वर पोहोचायला साधारण तास-दीड तास लागतो, काहींना त्याहून जास्त. आणि जगातला वेगवान धावपटू? डोंगरी धावण्यातला विश्वविजेता जोसेफ ग्रे याने २०१५ मध्ये हा जिना १८ मिनिटांच्या आत पार केला होता.

पण बहुतेक लोकांना अशा विक्रमाशी देणंघेणं नसतं. इथे नियमित येणाऱ्यांमध्ये नोकरीवर जाण्याआधी पहाटे चढणारे आहेत, निवृत्त आजी-आजोबा आहेत, आजारपणातून उठून हळूहळू शंभर-शंभर पायऱ्या वाढवणारेही आहेत. दर शंभर पायऱ्यांवर आकडा लिहिलेला असतो. आज ४०० पर्यंत गेलो, पुढच्या आठवड्यात ५००. पुण्यात पर्वती किंवा सिंहगड जसा नेमाने चढणाऱ्यांचा असतो, तसंच हे.

नियम काय आहेत?

वाट प्रसिद्ध झाली तशी तिला शिस्तही लागली.

- चढायचं पायऱ्यांनी आणि उतरायचं पायवाटेने. पायऱ्यांवरून खाली उतरायला मनाई आहे. उभ्या, उंच-सखल पायऱ्यांवर उतरताना तोल जाण्याची भीती जास्त, आणि वर येणाऱ्यांची वाटही अडते. खाली यायला बार ट्रेल आहे. ती सुमारे पाच किलोमीटरची, पण सोपी आहे.
- दम संपला तर मधूनच बाहेर पडायची सोय आहे. ठरावीक ठिकाणी जिन्यावरून बार ट्रेलकडे जाणारे फाटे काढलेले आहेत.
- कुत्र्यांना परवानगी नाही.
- जाण्याआधी ऑनलाईन नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जिना बंद झाला होता. ऑगस्टमध्ये पुन्हा उघडताना गर्दी आवरण्यासाठी ही पद्धत आली आणि पुढे कायम राहिली.
- वाटेत पाणी मिळत नाही. स्वतःचं घेऊन जावं लागतं.
- हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ गोठतो. तेव्हा बुटांना लावायचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे वापरावे लागतात. उन्हाळ्यात दुपारी विजांचं वादळ येऊ शकतं, म्हणून सकाळी लवकर चढणं चांगलं.

तरीही दरवर्षी काही लोक मध्येच अडकतात. कोणाला चक्कर येते, कोणाचा पाय मुरगळतो, कोणाच्या छातीत दुखतं. अशा वेळी अग्निशमन दलाचे जवान आणि शोध-बचाव पथकातले स्वयंसेवक तोच उभा जिना चढून त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि माणसाला स्ट्रेचरवर घालून खाली आणतात. 'बघू, जमलं तर जमलं' म्हणून तयारीशिवाय जाणाऱ्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हे रील पाहताना लक्षात येत नाही.

गावकऱ्यांचं काय?

जिन्याच्या पायथ्याशी जाणारा रक्स्टन अव्हेन्यू हा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जुनी घरं. त्याच रस्त्याने कॉग रेल्वेचे पर्यटक जातात, बार ट्रेलचे ट्रेकर जातात आणि इन्क्लाईनचे लोकही. पाच हजारांच्या गावात लाखांच्या घरात माणसं येऊ लागल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या किंवा हिल स्टेशनच्या रहिवाशाला विचारा!

पहाटेपासून मोटारींचे आवाज, घरासमोर लावलेल्या अनोळखी गाड्या, अडलेला रस्ता. अशा रस्त्यावरून अग्निशमनाची गाडी कशी जाणार, हीसुद्धा चिंता. यात आणखी एक पेच आहे. जिन्याची देखभाल मोठं शहर कोलोरॅडो स्प्रिंग्ज करतं, पण गर्दीचा ताण छोट्या मॅनिटू स्प्रिंग्जवर पडतो.

यावर मार्ग काढताना गावाने पार्किंगवर निर्बंध आणले, पैसे आकारायला सुरुवात केली आणि गाडी दूर लावून पायथ्यापर्यंत येणाऱ्यांसाठी मोफत बससेवा ठेवली. प्रश्न पूर्ण सुटला असं नाही. पण लोकांना थांबवण्याऐवजी त्यांना वेळ वाटून देणं आणि त्यांच्या गाड्या गावाबाहेर ठेवणं, हा रस्ता दोन्ही शहरांनी निवडला.

असा हा एकमेव जिना आहे का?

नाही. हवाई बेटांवरच्या ओआहू बेटावर अशीच एक जागा आहे, कोको क्रेटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या टेकडीच्या माथ्यावर लष्कराच्या चौक्या होत्या. त्यांना सामान पोहोचवण्यासाठी उभी रेल्वे होती. युद्ध संपलं, रेल्वे गेली, १,०४८ स्लीपर उरले. लोक त्यावर चढू लागले. स्लीपर झिजले तेव्हा नागरिकांचा गट पुढे आला आणि स्वयंसेवकांनी श्रमदान करून दुरुस्ती केली.

त्याच बेटावर मात्र याची दुसरी बाजूही दिसते. हायकू स्टेअर्स हा ३,९२२ पायऱ्यांचा जिना. ही काही रेल्वे नव्हती, महायुद्धात नौदलाच्या रेडिओ केंद्रासाठी बांधलेला हा जिना होता. १९८७ मध्ये तो लोकांसाठी बंद झाला, तरी लोक पहाटेच्या अंधारात शेजारच्या घरांच्या आवारातून लपतछपत जात राहिले. रहिवासी वैतागले, बचाव पथकं थकली. अखेर २०२१ मध्ये होनोलुलूच्या नगर परिषदेने जिना काढून टाकण्याच्या बाजूने ठराव केला. २०२४ मध्ये काम सुरू झालं आणि जिना वाचवू पाहणारे न्यायालयात गेले.

तिन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच आहे. एका कामासाठी बांधलेली वाट, काम संपल्यावर बेवारस झाली आणि लोकांनी ती आपली मानली. पुढे काय झालं ते मात्र जबाबदारी कोणी उचलली, यावर ठरलं. कोको क्रेटरला स्वयंसेवक धावून आले. हायकूला प्रेम करणारे खूप होते, पण जबाबदारी घेऊन ती वाट कायमची चालवणारी व्यवस्था उभी राहिली नाही. मॅनिटूला तीन मालक, दोन शहरं आणि एक संसद यांनी मिळून ती उभी केली, आणि त्यासाठी वीस वर्षांहून जास्त काळ गेला.

थोडक्यात सांगायचं तर

- १९०७ : टाक्या आणि पाईपलाईनचं सामान नेण्यासाठी केबल रेल्वे बांधली, पुढे ती पर्यटकांची झाली.
- १९९० : दरडीने रूळ उद्ध्वस्त, रेल्वे बंद. लोक स्लीपरवरून चढू लागले, पण बेकायदेशीरपणे.
- १ फेब्रुवारी २०१३ : वाट कायदेशीर झाली.
- २०१४ ते २०१७ : टप्प्याटप्प्याने दुरुस्ती.
- ऑगस्ट २०२० : करोनानंतर मोफत नोंदणीसह पुन्हा खुली.

आज मॅनिटू इन्क्लाईनच्या माथ्यावर पोहोचलेली माणसं धापा टाकत जुन्या स्टेशनाच्या पायाशेजारी बसतात, पाणी पितात आणि खाली पसरलेलं मैदान बघतात. शंभर वर्षांपूर्वी याच जागी लोक तिकीट काढून, डब्यात आरामात बसून पोहोचायचे. तेव्हाही ते हाच देखावा बघायला यायचे.